विशेषणं बाजूला ठेवा, आत्या काय करायची ते लिहा

प्रश्न थोडक्यात असा: आई-बाबांची नोकरी परगावी, त्यामुळे शाळेची पहिली काही वर्षं तुम्ही आणि धाकटी बहीण आत्याकडे वाढलात. आत्या जाऊन आठ महिने झाले. आता तिचा चेहरा आठवायला गेलं की भिंतीवरचा फोटोच समोर येतो, आवाज तर आठवतच नाही. तिच्यावर काही लिहून ठेवावं म्हणून बसलात, तर ‘प्रेमळ, कष्टाळू, शिस्तीची’ यापुढे पेन सरकत नाही. त्यात एका आठवणीवरून बहिणीशी खटका उडाला आहे. आणि तुम्ही अजून सावरला नाहीत हे पाहून घरातलं कुणीतरी म्हणालं, ‘आत्याच होती ना, आई तर नाही.’

घरातलं माणूस गेलेल्यांचं समुपदेशन मी बरीच वर्षं करते आहे. ‘मी विसरत चाललोय’ ही तक्रार साधारण याच सुमारास येते, पहिली धावपळ संपली की. माझा अनुभव असा, की लहानपणी ज्या माणसाने वाढवलं ते सहसा विसरलं जात नाही. होतं काय, की वर्षभरात त्या माणसाची एक गुळगुळीत, सर्वांना मान्य होईल अशी आवृत्ती घरात तयार होते: चार विशेषणं, तीन किस्से, एक फोटो. चारचौघांत बोलायला ती पुरते. पण ती इतकी सोयीची असते की खरं माणूस हळूहळू तिच्याआड जातं. त्यामुळे माझं सगळं सांगणं फिरून एकाच ठिकाणी येणार आहे. आत्या कशी होती ते लिहू नका, आत्या काय करायची ते लिहा.

त्याआधी एक तातडीचं काम. तुमच्या, बहिणीच्या, आई-बाबांच्या फोनमध्ये आत्याचे व्हॉइस मेसेज असतील तर आजच उतरवून घ्या आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. फोन बदलताना, मेमरी भरली म्हणून साफसफाई करताना हेच आधी जातं. घरगुती व्हिडिओही पाहा, विशेषतः ज्यांत ती दिसत नाही असे. कॅमेऱ्यासमोर माणसं ठेवणीतल्या आवाजात बोलतात. खरी आत्या मागे कुणालातरी हाका मारताना सापडण्याची शक्यता जास्त. आणि असं काहीच मिळालं नाही तरी हे ध्यानात घ्या, की आवाज मनात आणता न येणं म्हणजे तो पुसला जाणं नव्हे. आपणहून आठवणं आणि समोर आल्यावर ओळखणं ही मेंदूची वेगवेगळी कामं आहेत आणि ओळख बहुधा जास्त काळ टिकते. उद्या कुणाच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये तिची एक हाक ऐकू आली तर ती कुणाची हे तुम्हाला सांगावं लागणार नाही.

आता फोटोबद्दल. एखाद्या विषयातल्या ठराविकच गोष्टी पुन्हा पुन्हा आठवल्या, तर त्याच विषयातल्या न आठवलेल्या गोष्टी नुसत्या मागे राहत नाहीत, त्या आठवणं आणखी अवघड होतं. मायकेल अँडरसन आणि रॉबर्ट व एलिझाबेथ ब्यॉर्क या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये हे प्रयोगांतून दाखवलं. त्यांच्या प्रयोगात शब्दांच्या याद्या होत्या, माणसं नव्हती. पण शोकात असलेल्या घरांमध्ये मला हेच घडताना दिसतं. रोज येता-जाता एकच फोटो पाहिला, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच तीन किस्से सांगितले, की बाकीची आत्या मागे ढकलली जाते. फोटो उतरवा असं मी म्हणत नाही. बदलत राहा. तिचा हसरा, नीट बसवून काढलेला फोटो महिनाभर आत ठेवा आणि एखादा अर्धवट, हललेला, ती कुठल्यातरी कामात असताना कुणीतरी काढलेला फोटो बाहेर लावा. शेवटच्या आजारपणातली दृश्यं सारखी समोर येत असतील तर तेही याच प्रकारातलं आहे. ती सगळ्यात ताजी आहेत म्हणून पुढे येतात. बहुतेकांच्या बाबतीत जुनी दृश्यं परत यायला लागली की यांचा जोर ओसरतो.

जुनी दृश्यं परत आणायची कशी, हा खरा कळीचा भाग. कॅनडातले संशोधक एंडेल टल्व्हिंग यांनी १९७२ मध्ये स्मृतीचे दोन प्रकार वेगळे केले: एक, घडलेल्या प्रसंगांची स्मृती, दुसरी, माहितीची. ‘आत्या शिस्तीची होती’ ही माहिती आहे. ती खरी असेल, पण तिच्यात आत्या नाही. तिच्यात वेळ नाही, जागा नाही, तुम्ही नाही. लिहायला बसलं की आपण आधी माहितीच्या कप्प्यात हात घालतो, कारण तिथलं लगेच हाताला लागतं.

प्रसंगांच्या कप्प्यापर्यंत पोचायची एक चांगली वाट शोकाच्या अभ्यासातून आली नाही, पोलीस तपासातून आली. रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गायझलमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात साक्षीदारांच्या जबानीसाठी एक पद्धत बसवली. साक्षीदाराला ‘चोर कसा दिसत होता’ असं थेट विचारायचं नाही. आधी त्याला मनाने त्या जागी परत न्यायचं: उजेड कसा होता, तू कुठे उभा होतास, तुला कसं वाटत होतं. मग क्षुल्लक वाटेल तेही सांगायला लावायचं. घटना उलट्या क्रमाने सांगायला लावायची. आणि तिथे हजर असलेल्या दुसऱ्या कुणाच्या जागेवरून पाहिली तर कशी दिसेल, असं विचारायचं. हा शेवटचा भाग आठवणीच्या कामात मी जपून वापरते. दुसऱ्याच्या जागी उभं राहताना माणूस न पाहिलेलं भरून काढायला लागतो. पहिल्या तीन गोष्टी मात्र बिनधास्त वापरा.

म्हणजे प्रत्यक्षात काय? वही घ्या आणि आत्याला तूर्त सोडून द्या. घर घ्या. दारातून आत येताय, वय सहा-सात. कडी किती उंचावर होती, हात पुरायचा का? चपला कुठे काढायच्या? पहिल्या खोलीत उजेड कुठून यायचा? बसायचं कुठे, आणि कुठे बसलं की रागवायचे? एवढं झालं की आत्या बहुतेक आपणहून येते, तीही काहीतरी करत असलेली. ती येईल तेव्हा थांबवून ‘प्रेमळ’ वगैरे लिहू नका. तिच्या हातात काय आहे ते लिहा.

एक उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. आजोबांनी वाढवलेली एक बाई माझ्याकडे यायची. पहिल्या वेळी तिने लिहून आणलं होतं, ‘आजोबा माझी खूप काळजी घ्यायचे.’ मी विचारलं, बाहेर पडताना ते काय करायचे? ती जरा थांबली. मग म्हणाली, कुलूप लावलं की ते ओढून बघायचे. दोन पावलं गेले की परत येऊन ओढून बघायचे. मग माझा हात धरायचे. पुन्हा थांबली आणि स्वतःच्याच डाव्या मनगटाकडे बघत म्हणाली, हात नाही, मनगट. ते नेहमी मनगट धरायचे, कारण हात सुटतो म्हणायचे. ते रस्ता ओलांडून पलीकडे जाईपर्यंत बोलायचे नाहीत, हेही त्याच ओघात आलं, आणि आपण बोलत राहायचो, उत्तर मिळायचं नाही, याचा तेव्हा राग यायचा, हेही. काळजीवरचं तिचं वाक्य त्यानंतर वहीत राहिलंच नाही. कुणी खोडायला सांगितलं नव्हतं.

उलट्या क्रमाचा उपयोग दिवसाच्या आठवणींसाठी चांगला होतो. सकाळपासून सुरू केलं की आपण ‘रोज असं व्हायचं’ या चाकोरीत जातो. रात्रीपासून मागे या. दिवा कुणी मालवला? त्याआधी काय चाललं होतं? त्याआधी? चाकोरी मोडली की एखादा विशिष्ट दिवस हाताला लागतो. वासाचाही आधार घ्या. डोळ्यांकडून आणि कानांकडून येणारे संदेश आधी मेंदूतल्या थॅलॅमस या भागात जातात. वासाचे संदेश तिथे न थांबता भावना आणि स्मृती यांच्याशी जोडलेल्या भागांत पोचतात. तिचा एखादा कपडा न धुता राहिला असेल तर हवाबंद पिशवीत ठेवा, आणि रोज उघडू नका. रोज उघडलं की वासही जातो आणि त्याचा परिणामही बोथट होतो.

आणखी एक जागा आहे जिथे लोक शोधतच नाहीत: स्वतःचं शरीर. चादरीची घडी तुम्ही कशी घालता? बुटाची नाडी कशी बांधता, पुस्तकाला कव्हर कसं घालता, ताप बघताना हात कपाळावर ठेवता की गळ्यापाशी? सुईत दोरा ओवण्याआधी त्याचं टोक ओलं करता का? या गोष्टी कुणीतरी शिकवलेल्या असतात आणि शिकवण्याचा प्रसंग पुसला गेला तरी हात विसरत नाही. कारण ही सवयीची स्मृती प्रसंगांच्या स्मृतीपेक्षा वेगळी साठवली जाते. गंभीर स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांतही ती पुष्कळदा शाबूत सापडते. माझी मावशी दोरा ओवायला मला द्यायची आणि मी ओवेपर्यंत मोठ्याने आकडे मोजायची. आजही सुई हातात घेतली की माझ्या तोंडी आपोआप आकडे येतात. असं तुमच्यात काय काय आहे याची आठवडाभर नुसती नोंद ठेवा. मुलांशी बोलताना तोंडून निघणारी वाक्यं तर नक्कीच. तुमच्या बहिणीलाही हेच करायला सांगा आणि मग दोघांच्या नोंदी शेजारी ठेवून पाहा. ज्या गोष्टी दोघांतही सारख्या आहेत आणि आई-बाबांत नाहीत, त्या कुठून आल्या हे कळायला वेळ लागणार नाही.

बहिणीचा विषय निघालाच आहे. तुमची आठवण अशी: पावसाळ्यातली रात्र, रस्त्यात पाणी साचलेलं, तुम्हाला ताप, आणि आत्या तुम्हाला खांद्यावर घेऊन डॉक्टरांकडे चालली आहे, बॅटरीचा उजेड पाण्यावर हलतो आहे. बहीण म्हणते, खांद्यावर मी होते, तू शेजारून बॅटरी घेऊन चालत होतास. तुम्हाला वाटतं ती तुमची आठवण हिसकावते आहे. तिलाही तुमच्याबद्दल तेच वाटत असणार.

हे दिसतं त्यापेक्षा फार सामान्य आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मर्सिडीज शीन, सायमन केम्प आणि डेव्हिड रुबिन यांनी प्रौढ जुळ्या भावंडांना बालपणीच्या आठवणी विचारल्या, तेव्हा ‘हे माझ्या बाबतीत घडलं’ असं दोघंही ठामपणे सांगत असलेल्या आठवणी निघाल्या. जुळी नसलेल्या भावंडांतही हे आढळलं. कारण सरळ आहे. एकाच घरात एकच किस्सा वर्षानुवर्षं सांगितला गेला, की ऐकणाराही त्याचं चित्र मनात उभं करतो, आणि काही वर्षांनी ते चित्र पाहिलेलं की रचलेलं हे मेंदूला सांगता येत नाही. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिक्रेल यांनी १९९५ मध्ये २४ जणांना त्यांच्या नातेवाइकांकडून मिळालेले बालपणीचे खरे प्रसंग सांगितले आणि त्यांत ‘तू बाजारसंकुलात हरवला होतास’ हा बनावट प्रसंग मिसळला. साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांना तो पूर्ण किंवा अर्धवट ‘आठवला’. तेव्हा आठवण ठसठशीत आहे म्हणून ती खरी, हा युक्तिवाद तुमच्याही कामाचा नाही आणि बहिणीच्याही. वयाचाही प्रश्न आहे. तीन-साडेतीन वर्षांच्या आतलं बहुतेक मोठ्या माणसांना काहीच आठवत नाही, आणि त्यापुढची दोन-तीन वर्षंही तुटक असतात. त्या काळातला एखादा लांबलचक, सुसंगत किस्सा मनात असेल तर त्यात ऐकीव भाग आहे असं समजून चालावं.

तुमच्या वर्णनातली एक गोष्ट मला खटकली, तीही सांगते. बॅटरीचा उजेड पाण्यावर हलतो आहे, पण ती कुणाच्या हातात होती हे तुम्ही लिहिलेलं नाही. आत्याचे हात तर अडकलेले होते. यावरून बहीण बरोबर ठरते असं नाही. कदाचित तिसरं कुणी सोबत असेल, कदाचित अशा रात्री दोन असतील. एवढंच, की दोघांनी आपापली आठवण एकमेकांशी न बोलता लिहून काढा आणि दोन्ही ठेवा. कोर्टात जायचं नाहीये. आत्या पाण्यातून मूल खांद्यावर घेऊन डॉक्टरांकडे गेली, यावर तुमचं दोघांचंही एकमत आहेच.

न बोलता लिहा, हे मुद्दाम म्हटलं. माणसांनी एकत्र बसून आठवणी काढल्या तर प्रत्येकाने वेगळं बसून काढलेल्या आठवणींच्या एकूण बेरजेपेक्षा कमी निघतात, हे प्रयोगांत वारंवार दिसलेलं आहे. एकाच्या बोलण्याने दुसऱ्याचा धागा तुटतो, आणि जो मोठ्याने बोलतो त्याची आवृत्ती टिकते. म्हणून आत्याच्या वयाची जी माणसं अजून आहेत, तिच्या मैत्रिणी, जावा, शेजारी, त्यांना एकेकटं भेटा. परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा. ‘आत्याबद्दल सांगा’ म्हणालात तर तीच विशेषणं मिळतील. ‘ती कुणाला घाबरायची?’, ‘तिने कुठली गोष्ट अर्धवट सोडली?’, ‘मी नसताना ती माझ्याबद्दल काय बोलायची?’ असं विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नेहमी गोडच येईल असं नाही. तयारी ठेवा.

त्यावरून पुढचं. तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिली आहे: ‘चिडली की ती दोन-दोन दिवस अबोला धरायची, पण ते आता कशाला काढायचं.’ मी म्हणेन, ते आधी काढा. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे लोकांसमोर ठीक आहे, तुमच्या वहीत त्याची गरज नाही. मुलाशी दोन दिवस न बोलणारी बाई शेवटी अबोला कसा सोडायची, पहिलं वाक्य काय असायचं, तुम्ही ते होण्यासाठी काय काय करून पाहायचात, यात तिचा स्वभाव त्या तीन विशेषणांपेक्षा कितीतरी जास्त आहे. शिवाय न बोललेला राग शोकात अडकून राहतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी जे आपल्या माणसाला फक्त देव करून ठेवतात, त्यांना सावरायला जास्त त्रास होतो असं माझं निरीक्षण आहे. हे निरीक्षणच, नियम नव्हे.

‘आत्याच होती ना’ याबद्दल फार लिहीत नाही, कारण म्हणणाऱ्याला नातं माहीत आहे, संबंध माहीत नाही. जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी १९६९ पासून मांडलेल्या सिद्धांतात मूल जिच्याशी बांधलं जातं ती व्यक्ती जन्मदात्रीच असली पाहिजे अशी अट नाही. घाबरल्यावर मूल कुणाकडे धावतं हे महत्त्वाचं. आणि ज्या शोकाला समाज पुरेसं स्थान देत नाही त्याचा स्वतंत्र अभ्यास केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये पुढे आणला, तेव्हापासून आम्ही व्यावसायिक तरी हा शोक दुय्यम मानत नाही. तुम्ही रजा मागायला गेलात आणि ‘कोण गेलं’ या प्रश्नावर अडखळलात, हे मी फार जणांकडून ऐकलं आहे.

‘मी कुठल्या टप्प्यावर आहे’ असंही तुम्ही विचारलं आहे. टप्पे सोडून द्या. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेले ते पाच टप्पे (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी झालेल्या बोलण्यातून आले होते. मागे राहिलेल्यांवर ते नंतर लादले गेले. त्यापेक्षा मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांचं १९९९ मधलं म्हणणं मला रोजच्या कामात जास्त जवळचं वाटतं: माणूस दुःख आणि रोजचं जगणं यांच्यामध्ये सारखा ये-जा करतो, आणि ही ये-जा हेच सावरणं असतं. सकाळी वहीत रडून दुपारी ऑफिसात विनोदावर हसलात तर त्यात खोटं काही नाही. गेलेल्या माणसाशी संबंध तोडल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हा जुना समजही मागे पडला आहे. १९९६ पासून याउलट मत जोर धरून आहे, की तो संबंध रूप बदलून चालू राहतो. मनात आत्याचा सल्ला विचारणं हे बिघडल्याचं लक्षण नव्हे.

मात्र एक सीमा आहे. दीर्घकालीन शोकविकार हे निदान आता अधिकृत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिन्यांचा काळ धरला आहे; अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या २०२२ च्या आवृत्तीत प्रौढांसाठी किमान बारा. पण नुसता काळ मोजून निदान होत नाही. ओढ इतकी तीव्र आणि सततची आहे का, की काम, झोप, घरातली माणसं सगळंच ठप्प झालं आहे? आयुष्याला काही अर्थच उरला नाही असं रोज वाटतं का? तिच्या आठवणीच्या प्रत्येक गोष्टीपासून पळावंसं वाटतं का? तुम्ही लिहिता त्यावरून तुम्ही कामावर जाता, मुलांचं बघता, रात्री झोप लागते. आठ महिन्यांनी रडू येणं एवढ्यावरून मी काळजी करणार नाही. हे चित्र बदललं, किंवा जगू नये असे विचार येऊ लागले, तर वही बाजूला ठेवून लगेच मानसोपचारतज्ज्ञांना भेटा; हा शोक आहे की नैराश्य, हे ठरवणं त्यांचं काम आहे, आणि दोन्हींवरचे उपचार वेगळे असतात.